हिरव्या भोकातून निळ्या भोकात

"मालक कुठे गेलेत?"

माझ्या दुकानात शिरणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हा असतो. मी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवते, चष्मा कपाळावर चढवते आणि सांगते, "बोला, मालकच बोलतेय." मग तो माणूस माझ्याकडे, मागच्या फळीवरच्या वायरींकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघतो. काहीजण "बरं बरं" म्हणतात. काहीजण अजूनही आत कोणीतरी पुरुष लपलाय का, ते मान वाकडी करून बघतात. बोरीवलीत इतकी वर्षं झाली, पण ही मान वाकडी व्हायची काही थांबली नाही. आता मला त्याची गंमत वाटते. आधी राग यायचा.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. आमच्या घरातली पहिली. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन झाले. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला ते आमच्या मालवणीत सांगायचे, "माझां चेडू बीएस्सी झालां." कोणी तिसऱ्या मजल्यावर जाणारा असला तर एवढंच, सातव्या मजल्यावर जाणारा असला तर माझे मार्कसुद्धा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत मला साउंड कार्डं तपासायची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी विचारलं, "थंय तू करतंस काय नेमकां?"

"संगणकाक आवाज देतंय, बाबा."

"म्हणजे तो मुको होतो?"

"होतो."

"मगे बरां," म्हणाले आणि जेवायला बसले.

खरंच मुका होता हो. तेव्हाचा संगणक फार तर 'बीप' करायचा. त्याला गाता-बोलता करायला वेगळं कार्ड बसवावं लागे. त्या कार्डाला मागच्या बाजूला तीन भोकं. सॉकेट म्हणा, पण दुकानात आम्ही भोकंच म्हणतो. हिरवं म्हणजे संगणकाचं तोंड, तिथून आवाज बाहेर पडतो. निळं म्हणजे कान, तिथे टेप किंवा रेडिओ जोडून आवाज आत घ्यायचा. गुलाबी हा दुसरा कान, माइकसाठी, आणि तो भलताच हळवा. माइकचा आवाज बारीक असतो म्हणून गुलाबी भोक त्याला आतल्या आत फुगवतं. चुकून त्यात मोठा आवाज दिलात की वाट लागली. गाण्याच्या जागी पत्र्यावर खडी ओतल्यासारखं काहीतरी मिळतं.

माझं खास काम, ज्यासाठी लोक लांबून येतात, ते म्हणजे संगणकातून जे वाजतंय तेच संगणकात पकडून ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण बऱ्याच गोष्टी संगणकावर वाजतात आणि हाताला लागत नाहीत. जुन्या एखाद्या प्रोग्रॅममधला आवाज, इंटरनेटवरचं भाषण, परदेशातल्या नातीच्या नाचाचं ऑनलाइन अरंगेत्रम. ऐका, पण नेऊ नका, असा कारभार. मग संगणकाच्या तोंडाला त्याचाच कान लावावा लागतो. काही कार्डांत ही सोय आतच असते. रेकॉर्डिंगच्या यादीत 'जे वाजतंय ते सगळं' अशा अर्थाचा एक पर्याय असतो, पण तो बनवणाऱ्यांनी बंद करून, वर लपवूनही ठेवलेला. तो कुठे उजेडात आणायचा हे एकदा कळलं की झालं. ज्या कार्डांत ती सोय नाही, तिथे माझा गावठी उपाय: दोन्ही टोकांना पिना असलेली हातभर वायर, एक टोक हिरव्यात, एक टोक निळ्यात. झकास चालतं.

या धंद्यातल्या दोन गोष्टी नव्या गिऱ्हाइकाला पटता पटत नाहीत. पहिली म्हणजे वेळ. फाइल कॉपी करायला क्षण लागतो, पण हे तसं नाही. तासाचं गाणं पकडायला तासच लागतो, कारण ते पूर्ण वाजावं लागतं. "ताई, जरा फास्ट करा ना!" करते की, पण मग तुमचे गुरुजी चिमणीच्या आवाजात प्रवचन देतील. चालेल? आणि दुसरी, त्याहून न पटणारी: रेकॉर्डिंग चालू असताना दुकानात गप्प बसायची काही गरज नसते. आवाज वायरीतून जातो, हवेतून नाही. तुम्ही शिंका, भांडा, चहा फुरका मारून प्या, त्याला पत्ता लागत नाही. तरीही लाल दिवा लागला की माणसं श्वास रोखून बसतात. एक आजोबा तर खोकला दाबून दाबून लालबुंद झाले होते. मला पाणी घेऊन धावावं लागलं.

हवेतून घेतलं की काय होतं, ते आमच्या गल्लीतल्या देसाईकाकांना विचारा. मुलीची परदेशातली गाण्याची मैफल घरच्या संगणकावर लागली होती. काकांनी स्पीकरपुढे मोबाइल धरून ती रेकॉर्ड केली आणि माझ्याकडे 'जरा साफ करायला' आणली. मी ऐकली. मुलगी सुरेख आलाप घेतेय, आणि मध्येच काकूंचा आवाज: "अहो, दूध उतू गेलं! बसलायत काय नुसते?"

"हे दूध तेवढं काढून दे," काका म्हणाले.

"काका, सांडलेलं दूध आता मुलीच्या आवाजातच मुरलंय. निघायचं नाही."

काकूही काकांबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नकोच काढू गं. तिचा आवाज जगभर जातो. माझा कुठेतरी राहू दे."

अशी कामं. सगळी घेत नाही मी. एक तरुण आला, मैत्रिणीशी संगणकावरून बोलताना तिला न कळता सगळं पकडायचं होतं. मी म्हटलं, "दोघांचं बोलणं ना? मग तिला घेऊन ये, दोघं मिळून सांगा." परत आला नाही. माझा नियम साधा आहे. ज्याचा आवाज, त्याचा होकार. त्यामुळेच माहुलच्या हिरामावशींचं काम मी डोळे मिटून घेतलं, कारण आवाजाची मालकीण स्वतः चालत आली होती.

माहुलहून बोरीवली म्हणजे एका टोकाहून दुसरं टोक. तिघीजणी आल्या. पुढे प्रणाली, अंधेरीला एका ऑफिसात नोकरी करणारी, चुणचुणीत मुलगी. लग्न ठरलेलं. तिच्या हाताला धरून तिची आजी, हिरामावशी, अंबाड्यात अबोलीची वेणी. आणि मागे प्रणालीची आई, मावशींची सून जयश्री, जी बाजारात मासे विकते. तिचा आवाज दुकानाच्या दोन पायऱ्या आधीच आत येऊन पोचला होता.

"आय, सांभाल गो, पायरी हाय! पनाली, धर तिला!"

हिरामावशी धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात विधींबरोबर जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. मावशींनी आयुष्यभर माहुलच्या लग्नांत धवले म्हटले. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरलेली, तीही कान जवळ नेला तर. त्यांच्या गल्लीत दुसरी धवलारीण नाही. आणि नातीचं लग्न तोंडावर आलेलं.

पण ऑपरेशनच्या बऱ्याच आधी एका संस्थेची माणसं येऊन मावशींचा एक लांबलचक धवला ध्वनिमुद्रित करून गेली होती. तो त्यांच्या वेबसाइटवर होता. लॉग-इन करून ऐकता यायचा, उतरवून घेता यायचा नाही. प्रणालीने मेल पाठवल्या, फोन केले. प्रकल्प संपला होता, उत्तर द्यायला कोणी नव्हतं, आणि वेबसाइट या महिनाअखेर बंद होणार अशी लाल अक्षरातली पट्टी वर झळकत होती.

"ताई," प्रणाली म्हणाली, "माझ्या लग्नात आजीचाच आवाज पाहिजे. दुसऱ्या कोणाचा बुक करून आणलेला नको. होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. हे असं पटकन म्हणायची मला खोड आहे.

अडचण अशी निघाली की माझा भरवशाचा जुना संगणक, ज्यात मरोळच्या दिवसांतलं कार्ड आहे, तो ती वेबसाइट उघडेचना. त्याचं सगळंच जुनं. नवा लॅपटॉप वेबसाइट उघडत होता, पण त्याच्यात आतून पकडायची सोय नाही, आणि भोक म्हणाल तर एकच. हल्लीचे लॅपटॉप असेच. पातळ व्हायच्या नादात कानच कापून टाकलेत. मग मी दोघांचं लग्न लावलं. नवा गाईल, जुना ऐकेल. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या निळ्या कानात वायर.

लावली, तर 'घूंऽऽ' असा मोठा घुंगाट. जयश्री दचकली. "मशीन बिघारली काय?" बिघडली नव्हती. दोघांच्या विजेच्या पिना वेगवेगळ्या बोर्डांत होत्या, त्यामुळे वायरीत भलताच प्रवाह फिरत होता. दोन्ही एका बोर्डात लावल्या, घुंगाट गेला. मग आवाजाची पातळी. ती गाण्यातल्या सगळ्यात चढ्या जागेवर बेतावी लागते, नाहीतर तिथे आवाज फाटतो. एरवी मी गाणं पुढेमागे करून ती जागा शोधते. इथे मी गाणं सोडलं आणि मावशींनी नुसता हात वर केला: थांब, आता येतंय. आणि खरंच, दोन ओळींनी आवाज असा चढला की पडद्यावरच्या आवाज मोजणाऱ्या पट्ट्या थेट लाल झाल्या. मावशी माझ्याकडे बघून हसल्या. मी मुकाट्याने पातळी खाली घेतली.

रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा बघून तिघी पुतळ्यासारख्या. "अहो बोला तुम्ही, त्याला बाहेरचं ऐकू जात नाही," मी सांगितलं. धवला मध्यावर आला, मावशींचा तरणा आवाज दुकानात भरून राहिला, आणि त्या आवाजाच्या डोक्यावर, 'टुंग!'

सगळ्यांनी प्रणालीकडे बघितलं. लॉग-इन करताना तिने माझ्या लॅपटॉपवर स्वतःचं मेलचं खातं उघडलं होतं, ते मागे तसंच चालू राहिलेलं. आणि होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज आला होता: 'जेवलीस का?' बाहेरचं काही ऐकू जात नाही खरं, पण आतलं सगळं जातं. वायरीला धवला काय नि नवरा काय, सारखाच.

प्रणालीने तोंड लपवलं. मावशी पुढे वाकून काहीतरी कुजबुजल्या. जयश्रीने ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आय बोलते, नवऱ्याला जरा पन धीर नाय!"

सगळं बंद केलं, नवऱ्यासकट. पुन्हा पहिल्यापासून.

या दुसऱ्या खेपेला जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आपलं बोलणं आत जात नाही, हे जयश्रीला आता पटलं होतं. ती दाराशी स्टुलावर बसली होती. आधी तिने बाजारातल्या शेजारणीला फोन करून पापलेटचा भाव विचारला. मग फोन ठेवला, आणि धवल्याबरोबर गुणगुणायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग जरा मोठ्याने. तिला शब्द येत होते. ओळीमागून ओळ. आवाज बाजारात ओरडून घासलेला, पण सुराला धरून. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या मागे बसून ऐकलेलं सगळं आपोआप बाहेर पडत होतं. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर ती गात होती.

ऐकणारं एक माणूस होतं. हिरामावशी मान न वळवता ऐकत होत्या. स्पीकरमधल्या आपल्या आवाजाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते मला दिसलं.

धवला संपला. पट्ट्या खाली बसल्या. मी फाइल जपून ठेवली. "झालं, छान आलंय."

मावशींनी मान हलवली. नाही.

"काय नाही, आजी?" प्रणाली घाबरली. "ताई, कापलं का शेवटचं? वेबसाइटवालंच अर्धं आहे का?"

मी पुन्हा बघितलं. जे तिथे होतं ते अख्खं आलं होतं. मी मावशींच्या तोंडाशी कान नेला.

"मीच थांबले होते," त्या कुजबुजल्या. "शेवटचा कडवा म्हनलाच नाय. घरान लगीन नसताना धवला पुरा करायचा नाय. आमची रीत हाय."

संस्थेची माणसं आली तेव्हा लग्न नव्हतं, नुसता माइक होता. म्हणून मावशींनी रीतीप्रमाणे धवला उघडा सोडला, आणि त्या माणसांना काही बोलल्या नाहीत. आता आवाज होता तो अपुरा होता, आणि पुरा करायला आवाज नव्हता.

मला उपाय सुचला. तंत्रज्ञाच्या डोक्याला उपाय सुचतातच. "मावशी, माइक अगदी ओठाशी लावते. कुजबुज का होईना, शेवटचं कडवं म्हणा. मी ते फुगवून जोडून देते. गुलाबी भोक त्यासाठीच तर असतं."

"अजून लगीन लागलंय काय?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, मग लग्नात ते तसंच तुटणार का गं? सगळ्यांसमोर?"

मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला. मी जे होतं ते पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. काम चोख झालं होतं, आणि तरी अपुरं काम हातात ठेवल्यासारखं मला वाटत राहिलं. निघताना जयश्रीने पिशवीतून सुकटीचं पुडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि दम भरला, "लग्नाला यायचा हां ताई. तुमी नाय आलात तर मी परत इथं येऊन ओरडेन."

तिचं ओरडणं ऐकलेलं असल्यामुळे मी गेले.

माहुलला मांडव दारातच होता. पलीकडे रिफायनरीच्या टाक्या, अलीकडे वाळत घातलेली जाळी गुंडाळून कडेला सारलेली. प्रणालीचा धाकटा भाऊ निखिल, नुकताच कामाला लागलेला, स्पीकरशी झटत होता. मला बघून त्याने सुटकेचा श्वास टाकला. मी वायर नीट बसवून दिली आणि बायकांत जाऊन बसले. कोणीतरी मुठीत अक्षता दिल्या.

प्रणाली पाटावर बसली. निखिलने बटण दाबलं, आणि मांडवात हिरामावशींचा आवाज आला. तो ऐकत ज्यांची लग्नं लागली होती अशा कितीतरी बाया तिथे होत्या. त्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. एकीने पदर तोंडाला लावला. खऱ्या हिरामावशी प्रणालीच्या मागे बसल्या होत्या, जयश्रीला अगदी खेटून.

माझं लक्ष गाण्यात नव्हतं. मला शेवट माहीत होता. चढी जागा आली, गेली. मग ती ओळ आली, आणि आवाज थांबला. मांडवात नुसती स्पीकरची सुरसुर. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. निखिल वायर हलवायला धावला, मी त्याला हाताने थांबवलं.

हिरामावशींनी जयश्रीचं डोकं धरून जवळ ओढलं आणि तिच्या कानाला तोंड लावलं. जयश्री गोरीमोरी झाली. "आय, मना नाय जमायचं गो... लोका हायत..." मावशींनी तिच्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात काढला असणार, कारण जयश्रीच्या तोंडून पहिली ओळ जवळजवळ किंकाळीसारखी निघाली. मग आवाज सापडला. मावशी कानात एक ओळ सोडायच्या, जयश्री ती बाहेर आणायची. त्या कुजबुजीतलं आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. बाजाराच्या टोकापासून टोकापर्यंत पोचणारा तो घासलेला आवाज तेवढा मांडवाबाहेरपर्यंत गेला. पहिल्यांदाच त्या आवाजाने मासळीचा भाव सोडून दुसरं काही मागितलं होतं: लेकीचं सुख. तिसऱ्या ओळीला बायांनी साथ धरली. धवला पुरा झाला.

अक्षता पडल्या, गलका झाला. त्या गलक्यातच प्रणालीने मान वळवून मला विचारलं, "ताई, आईचं रेकॉर्ड केलंत ना?"

माझा मोबाइल पर्समध्ये होता, पर्स निखिलकडे होती, आणि मी तोंडात पदर धरून रडत होते. मी काही बोलायच्या आत जयश्रीच ओरडली, "कशाला करायचा? मी काय कुठं पलून चालले?"

हिरामावशींनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी कान नेला.

"दुसरी ओल चुकली तिची," त्या कुजबुजल्या.

"मग मावशी, नीट शिकवा ना आता. रोज थोडं थोडं."

"अशी कशी शिकवू? लगीन नको?" असं म्हणून त्यांनी मांडवात नजर फिरवली. ती स्पीकरची वायर गुंडाळणाऱ्या निखिलवर येऊन थांबली, आणि मला त्यांनी विचारलं, "तुमच्या बोरीवलीला कोन चांगली पोरगी हाय काय?"